रुग्ण घटले की फवारणीला दार उघडत नाही

1963 साली श्रीलंकेत हिवतापाचे अवघे 17 रुग्ण सापडले, त्यातलेही 11 बाहेरून आलेले. याच बेटावर 1934-35 च्या साथीत सुमारे 80 हजार माणसं दगावली होती. आता राहिलंय काय, या समाधानात घरोघरची डीडीटी फवारणी टप्प्याटप्प्यानं थांबली, रक्ततपासणीत ढिलाई आली. 1969 मध्ये रुग्णांचा आकडा पाच लाखांपलीकडे गेला.

भारतानंही हेच भोगलं. 1965 च्या सुमारास लाखावर आलेले रुग्ण 1976 मध्ये 64 लाखांवर पोहोचले. डासांना डीडीटी पचू लागलं होतं हे खरं; पण निधी आणि लक्ष, दोन्ही आटले होते.

गडचिरोलीत आरोग्यसेवक म्हणून हिंडताना याचं छोटं रूप गावोगाव दिसे. ज्या वर्षी ताप कमी, त्या वर्षी फवारणीला दार उघडत नसे. आत धान्य आहे, वास येतो, नंतर या! कुणी फवारून घेई आणि सणाआधी भिंती सारवून टाकी. औषध मातीखाली गेलं की भिंतीवर टेकलेल्या डासाला काहीच होत नाही. म्हणून फवारणीची तारीख गावाला विचारून, सारवणाचे दिवस टाळून ठरवावी. पुढचे अडीच-तीन महिने भिंतीला हात लावू नये.

गोळ्यांचंही तसंच. व्हायवॅक्स हिवतापात प्रायमाक्विन 14 दिवस घ्यावी लागते. ताप दोन-तीन दिवसांत उतरतो, उरलेल्या गोळ्या फडताळात पडून राहतात आणि यकृतात लपलेले परजीवी काही महिन्यांनी पुन्हा डोकं वर काढतात. गोळ्या देणाऱ्यानं ताप उतरल्यावरही त्या घरी चक्कर मारावी.

शहरवासीयांनी गच्चीवरच्या टाकीचं झाकण बघावं. आपल्याकडच्या टाक्यांत वाढणारा ॲनोफिलिस स्टिफेन्सी हा डास 2012 मध्ये आफ्रिकेतल्या जिबूतीत आढळला. तिथं त्या वर्षी हिवतापाचे 27 रुग्ण नोंदले गेले होते. 2020 मध्ये 73 हजारांहून अधिक.

श्रीलंकेत ऑक्टोबर 2012 नंतर स्थानिक लागणीचा रुग्ण नव्हता, 2016 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचं हिवतापमुक्तीचं प्रमाणपत्रही मिळालं. तरी या वेळी श्रीलंकेनं मोहीम गुंडाळली नाही. त्याच वर्षाअखेरीस मन्नारमध्ये स्टिफेन्सी सापडला, तो डासांवरची पाळत चालू होती म्हणूनच. हिवतापाच्या देशांत निघालेल्या प्रवाशांना तिथं प्रतिबंधक गोळ्या मोफत मिळतात, आणि परतल्यावर ताप आला तर आधी रक्त तपासलं जातं.