आहेर एकविचाराने द्यावा

शास्त्रपाठ : गणना ७:१-९, निर्गम ३६:२-७, २ करिंथ ८:१०-२१.



परभणीहून परळीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पोखर्णीचे स्थानक आहे. त्या बाजूच्या खेड्यांत लग्नसराई सुरू झाली म्हणजे मांडवोमांडवी एक देखावा ठरलेला असतो. एक गृहस्थ वही घेऊन बसतो व दुसरा ध्वनिक्षेपकावर आहेर पुकारतो : अमक्याकडून इतके रुपये, तमक्याकडून टॉवेल-टोपी. ज्याच्या हाती थोडे, त्याची मान ते ऐकून खाली जाते. शेवटी नव्या संसारात भिंतीवरची चार घड्याळे येतात आणि साड्यांचा ढीग पडतो, पण धान्य ठेवावयास कोठी नसते. त्या साड्यांपैकी कित्येक पेटीतच राहून पुढच्या लग्नात दुसऱ्याच्या आहेरास जातात.

ही रीत आपल्या ख्रिस्ती घरांनीही सोडलेली नाही. वहीत पाचशे लिहिले की तितके, किंबहुना एक रुपया अधिक, परत करावयाचे असते. मग ती भेट राहत नाही, उसनवारी होते. लग्ने वैशाखात, आणि मृगाचा पाऊस तोंडावर. बियाण्यासाठी बाजूस ठेवलेला पैसा आहेरात गेला, तर पेरणी कर्जाने करावी लागते. परतफेड करू न शकणाऱ्यांना जेवावयास बोलवा, अशी प्रभूची शिकवण आहे (लूक १४:१२-१४). तिच्याशी ही वही जुळते काय? ह्याचा आपण शास्त्रावरून विचार करू.

पहिला बोध : दोघांनी मिळून एक गाडी. निवासमंडप उभा राहिला तेव्हा इस्राएलाच्या बारा सरदारांनी सहा गाड्या व बारा बैल आणले. दोघांमागे एक गाडी आणि प्रत्येकाचा एक बैल. शेतकऱ्यास ह्याचा अर्थ सांगावा लागत नाही. एका बैलाने ती गाडी ओढवत नाही. दोघांचे बैल एका जुवाखाली आले म्हणजे ती चालू लागते. तसेच ज्या दोन घरांना कोठी एकेकट्याने घेणे झेपत नाही, त्यांनी मिळून ती घ्यावी. त्यात कोणाचाही कमीपणा नाही.

दुसरा बोध : ओझे पाहून देणे. मोशेने त्या गाड्या सर्वांस सारख्या वाटल्या नाहीत. पडदे वाहणाऱ्या गेर्षोनी लोकांस दोन, फळ्या व खांब वाहणाऱ्या मरारी लोकांस चार, आणि पवित्र वस्तू खांद्यावर वाहणाऱ्या कहाथी लोकांस एकही नाही. देणाऱ्याची शोभा किती होईल हे त्याने पाहिले नाही, घेणाऱ्याची गरज पाहिली. आहेरापूर्वी आपणही विचारावे : ह्या घरी काय आहे, आणि काय नाही?

तिसरा बोध : पुरे म्हणणे. मंडपाच्या कामासाठी लोक दररोज इतके आणू लागले की, कामापेक्षा अधिक होते असे कारागिरांनी सांगितले. तेव्हा मोशेने छावणीत हुकूम फिरवून लोकांस थांबविले. देणे थांबविणे हीदेखील देवाची सेवा झाली.

आता रीत सांगतो. लग्नाच्या महिनाभर आधी मंडळीतील एका वडील भगिनीने वधूच्या आईजवळ बसून गरजेच्या वस्तूंची यादी करावी. आप्तांनी व मित्रांनी त्यांतून वस्तू वाटून घ्याव्या; मोठ्या वस्तूसाठी तीन-चार घरांनी एकत्र यावे. यादी पुरी झाली की तसे सर्वांस कळवावे. जमलेला पैसा एकाच्या हाती न ठेवता दोघांच्या हाती ठेवावा. यरुशलेमेतील गरिबांसाठी वर्गणी नेताना पौलाने तीताबरोबर आणखी बंधू पाठविले, ते कोणी दोष लावू नये म्हणूनच. शिवाय मनाची उत्सुकता असली म्हणजे माणसापाशी जे आहे त्याप्रमाणे दिलेले मान्य होते, असे तोच प्रेषित शिकवितो. म्हणून कोणी किती घातले ते पुकारू नये.

तर मग वही टाकून द्यावी काय? नाही, तिचा हेतू पालटावा. हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१ सालचा आहे. त्याखालील, २ ऑक्टोबर १९८५ पासून अमलात आलेल्या नियमांप्रमाणे वधूने आपल्या भेटींची व वराने आपल्या भेटींची लेखी यादी ठेवावयाची असते. तीत वस्तूचे थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव, आणि तो नातलग असल्यास नाते लिहून वधूवरांनी सही करावयाची असते. मिळून दिलेल्या वस्तूपुढे सर्व देणाऱ्यांची नावे लिहावी. ही यादी मुलीचे जे आहे ते मुलीचेच राहावे म्हणून आहे. शेजाऱ्याचे देणे मोजण्यासाठी नव्हे.

उपदेशकांनी विचारावयाचे प्रश्न : (१) मरारी लोकांस चार गाड्या का मिळाल्या? (२) मोशेने लोकांस देण्यापासून का थांबविले? (३) आपल्या मंडळीत होणाऱ्या पुढच्या लग्नासाठी कोणती दोन घरे एक गाडी देतील?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर तोंडी घेऊन थांबू नये. उपासना सुटण्यापूर्वी ती दोन घरे ठरवावी, म्हणजे पेरणीच्या वेळी कोणाही बंधूची बियाण्याची पिशवी रिकामी राहणार नाही.