देहाचाही आपल्यावर हक्क आहे



दिवसभराच्या कष्टाचा थकवा रात्रीच्या झोपेने उतरतो. परंतु एक थकवा असाही असतो, जो झोपूनही उतरत नाही. अशा वेळी सकाळी उठताच कामाचा वीट येतो. ज्यांच्यासाठी आपण राबतो त्यांच्यावरच चिडचिड होते आणि आपल्या हातून काहीच नीट होत नाही असे वाटू लागते. कामाचा ताण दीर्घकाळ आवरला गेला नाही म्हणजे ही अवस्था येते. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली तिची तीन लक्षणे नमूद केली: शक्ती संपणे, कामावरून मन उडणे आणि कार्यक्षमता घटणे.

वर्धा शहराला लागून असलेल्या आपल्या पिपरी मेघेतही असे थकलेले चेहरे आहेत. कोणी दुहेरी पाळी करतो, कोणी दुकान सांभाळून आजारी वडिलांची सेवा करतो, तर एखादी भगिनी घरचे सारे आटोपून रात्री शिलाई यंत्रावर बसते. अशा माणसाचे नमाजीतही मन लागेनासे होते, तेव्हा तो घाबरतो. आपले ईमानच कमजोर झाले, असे तो समजतो आणि प्रायश्चित्त म्हणून स्वतःवर आणखी ओझे लादतो. या लेखाचा विषय हीच गैरसमजूत आहे. प्रत्येक थकवा हा ईमानाचा दोष नसतो. पुष्कळदा तो थकलेल्या देहाने मागितलेला आपला हक्क असतो.

सहीह बुखारीतील एक प्रसंग पाहा. हिजरतीनंतर प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत सलमान फारसी (रजि.) आणि हजरत अबू दरदा (रजि.) यांच्यात बंधुत्वाचे नाते जोडले होते. एकदा सलमान (रजि.) त्यांच्या घरी गेले. अबू दरदा (रजि.) दिवसा रोजे राखत, रात्र नमाजीत घालवत आणि घराकडे त्यांचे लक्ष उरले नव्हते. सलमान (रजि.) यांनी आग्रहाने त्यांना आपल्यासोबत जेवायला बसवले. रात्री ते नमाजीसाठी उठू लागले, तेव्हा सलमान (रजि.) यांनी त्यांना झोपायला लावले. रात्रीच्या अखेरच्या प्रहरी मात्र दोघांनी मिळून नमाज अदा केली. मग सलमान (रजि.) यांनी समजावले की, पालनकर्त्याचा आपल्यावर हक्क आहे, तसाच आपल्या जिवाचा आणि कुटुंबीयांचाही आहे, म्हणून ज्याचा हक्क त्याला द्यावा. हे ऐकून प्रेषितांनी (स.) सलमान खरे बोलले, असा निर्वाळा दिला.

येथे एक बारकावा लक्षात घ्यावा. सलमान (रजि.) यांनी रात्रीची इबादत बंद केली नाही. त्यांनी तिच्याआधी झोप ठेवली. विश्रांती इबादतीच्या आड येत नाही, ती इबादतीला बळ देते.

याच मर्माचे एक उदाहरण आपल्या जिल्ह्यातच आहे. वर्ध्याजवळच्या नालवाडीत राहणारे विनोबा भावे 1938 साली अतिश्रमाने इतके खंगले होते, की त्यांचे वजन 88 पौंडांवर, म्हणजे सुमारे 40 किलोंवर आले होते. गांधीजींनी प्रकृतीसाठी स्थलांतर सुचवले, तेव्हा त्यांनी दूरचे थंड हवेचे ठिकाण न निवडता जवळचे पवनार निवडले. तेथे धाम नदीच्या पलीकडे जमनालाल बजाज यांचा बंगला होता. नदीचा पूल ओलांडताना त्यांनी आश्रमाच्या साऱ्या चिंता मनाने मागे सोडल्या. पवनारात ते शेतात खणत, परंतु आरंभी अवघी काही मिनिटे. पुढे शक्ती येईल तसतसा वेळ वाढवत गेले. काही महिन्यांत त्यांचे वजन सुमारे 40 पौंडांनी वाढले. पुढे अरबी शिकून मूळ कुरआनाचा अभ्यास करणारे आणि त्यातील निवडक आयतींचे संकलन सिद्ध करणारे विनोबा ते हेच. त्यांची उपासनापद्धती वेगळी होती, परंतु चिंता खाली ठेवणे आणि थोड्यापासून आरंभ करणे हा धडा सर्वांसाठी आहे.

आपणही असाच आरंभ करू शकता. इशानंतर विनाकारण गप्पा मारत बसणे प्रेषितांना (स.) आवडत नसे, तेव्हा मोबाइल दूर ठेवून लवकर निजावे. दुपारी थोडा वेळ पडणे, म्हणजेच कैलूला, हा आळस नव्हे, ती सुन्नत आहे. भूक मंदावली असेल तर सातूच्या पिठाची पातळ लापशी, म्हणजे तलबीना, घ्यावी. हजरत आयशा (रजि.) ती आजारी आणि शोकाकुल माणसांना देण्यास सांगत. फर्ज नमाज सोडू नये, परंतु उभे राहवत नसेल तर बसून अदा करण्याची सवलत आहे, ती निःसंकोच घ्यावी. नफिल इबादत तूर्त थोडी करावी, पण नित्य करावी. अल्लाहला तेच कर्म अधिक प्रिय आहे, जे थोडे असले तरी सातत्याने केले जाते.

मात्र ज्याची रोजी रोजच्या मजुरीवर आहे, त्याला केवळ ‘विश्रांती घ्या’ असे सांगणे पुरेसे नाही. हाताखालच्या माणसावर शक्तीपलीकडचे काम लादू नये आणि लादावे लागले तर स्वतः हात लावावा, ही प्रेषितांची (स.) ताकीद आहे. म्हणून मालकाने सुट्टी द्यावी, भावाने वडिलांच्या उशाशी एक रात्र जागावे, पतीने चूल सांभाळावी. ‘थकलो’ म्हणणाऱ्याला ‘सब्र करा’ एवढेच सांगून आपले कर्तव्य संपत नाही.

उदासी आठवड्यांमागून आठवडे हटत नसेल किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर क्षणाचाही विलंब न करता डॉक्टरांकडे जावे. उपचार करा, अशी प्रेषितांची (स.) शिकवण आहे. सेवाग्राम आणि सावंगी मेघे येथील मोठी रुग्णालये आपल्यापासून दूर नाहीत. शासनाच्या टेलिमानस सेवेशी 14416 या क्रमांकावर घरबसल्या बोलता येते. ताप आला म्हणून औषध घेताना ईमान कमी होत नाही, मग मनाच्या दुखण्यासाठी घेताना ते का कमी व्हावे?

हा देह आपली मालकी नव्हे, अल्लाहची अमानत आहे. अमानत झिजवून परत करण्यापेक्षा जपून परत करावी. आज रात्री इशा अदा करून, उद्याची चिंता त्याच्यावर सोपवून, शांतपणे निजा. अल्लाह आपणा सर्वांना सामर्थ्य आणि सुकून देवो. आमीन.