सोनूला पत्र

चि. सोनू हिस,


रविवारी उपासना सुटल्यावर मागच्या गल्लीतल्या काकूंनी मला दारातच गाठलं. त्यांची जाऊ तुझ्या वॉर्डात आहे, खुब्याचं हाड मोडलेली. तिने रात्री बेडपॅनसाठी हाका मारल्या, कुणी आलं नाही, शेवटी अंथरूण ओलं झालं. मग तू आलीस, 'ए म्हातारे, सगळा वॉर्ड जागा करतेस का' म्हणालीस आणि चादर न बदलताच निघून गेलीस. गळ्यातल्या क्रुसावरून काकूंनी तुला ओळखलं. पहाटे आयाबाई येईपर्यंत ती तशीच ओल्यात पडून होती, असं त्या सांगत होत्या.

हे खोटं असेल तर मला लगेच कळव, मी त्यांच्या घरी जाऊन तसं सांगेन. पण त्या बोलत होत्या तेव्हा मला तुझाच आवाज ऐकू येत होता. दमलीस की तू अशीच तोडून बोलतेस. बापावर गेलीस, दादाही असाच. म्हणून मला झोप नाही.

तुला नर्सिंग मी शिकवायला नको. खुबा मोडलेल्या माणसाला स्वतःहून कूस बदलता येत नाही. दर दोन तासांनी आपण त्याला वळवायचं, पाठ कोरडी ठेवायची. त्या वयात एक रात्र ओल्या चादरीवर गेली तर सकाळी कातडी लाल दिसते, आणि बेडसोर एकदा उघडला की महिनोन्महिने भरत नाही. हे सगळं तुला येतं. मला लागलं ते दुसरंच. नातवंडं असलेल्या बाईने परक्या लोकांत अंथरूण ओलं केलं, तिला किती मेल्याहून मेल्यासारखं झालं असेल! आणि नेमकं तेव्हाच तू तिला बोललीस.

संडे स्कूलमध्ये आत्म्याची नऊ फळं एका दमात म्हणून दाखवलीस, तेव्हा पाळकसाहेबांनी तुला नवा करार बक्षीस दिला होता. तो अजून माझ्या कपाटात आहे. सहनशीलता, ममता, सौम्यता. पौलाने ती फळं सांगितली ती गलतीकरांना, एकमेकांच्या अंगावर धावून जाणाऱ्या माणसांना. ज्यांचं सगळं सुरळीत चाललंय त्यांना सांगायची गरजच काय? रात्री दोन वाजता, पाय सुजलेले असताना, तिसऱ्यांदा हाक येते, तेव्हासाठीच ती आहेत, पोरी.

शोमरोन्याची गोष्ट पुन्हा वाच. नर्सला कळावी अशीच ती सांगितली आहे. जखमांवर तेल आणि द्राक्षारस, मग पट्ट्या, मग आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेणं, रात्रभर काळजी घेणं, आणि निघताना दोन दिनार देऊन पुढच्या खर्चाचीही जबाबदारी. त्या जखमीला बघून पुढे निघून गेलेले याजक आणि लेवी दुष्ट होते असं तिथे कुठेच म्हटलेलं नाही. त्यांनाही उशीर होत असेल.

आणि आपण कोण, हे विसरू नकोस. तुझी पणजी, म्हणजे माझी आजी, गुजरातची. १९०० च्या दुष्काळात, ज्याला ती शेवटपर्यंत छप्पनियाच म्हणायची, पंडिता रमाबाईंच्या माणसांनी इतर मुलींबरोबर तिलाही केडगावला त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये आणलं. डोक्यात उवा, अंगभर फोड, कपड्यांतच सगळं. कुणीतरी तिला उचलून धुतलं. कोणी, ते तिला कधीच कळलं नाही. पुढे तीच मुलगी तिथल्या छापखान्यात बायबलचे खिळे जुळवू लागली. रमाबाई १९२२ साली गेल्या आणि त्यांनी भाषांतर केलेलं ते बायबल १९२४ साली पुरं छापून निघालं. आजी त्या पानांवरून हात फिरवायची, पण बोलायची ती त्या धुणाऱ्या बाईबद्दल. ती बाई त्या दिवशी नाक मुरडून निघून गेली असती, तर दादा नाही, मी नाही, तू नाहीस.

मला तरी काय अधिकार आहे बोलायचा, असंही वाटतं. मी नर्सिंग पुरं केलं तेव्हा डॉक्टर आरोळे पती-पत्नींनी जामखेडला काम सुरू करून थोडीच वर्षं झाली होती. १९७० ची सुरुवात त्यांची. दोघंही वेल्लोरला शिकलेले, परदेशातून परत आलेले, आणि अक्षर न येणाऱ्या बायकांना आरोग्यसेविका बनवत होते. गावात हातपंप घ्यायचा तर तो दलित वस्तीत, म्हणजे पाण्यासाठी सगळ्यांनी तिथे यावं. कुष्ठरोग्यांना वेगळं न काढता इतरांबरोबरच उपचार. माझं फार मन होतं तिथे जायचं. आई म्हणाली, एवढ्या रानात कुठे जातेस, पगार बघ. मी पगार बघितला. नोकरी चांगली झाली, घर झालं, तक्रार काही नाही. पण अजून एसटी जामखेडवरून गेली की मी खिडकीबाहेर बघत बसते.

ती बाई अजून वॉर्डात असेल तर ड्यूटीवर गेल्या गेल्या आधी तिच्याकडे जा. अर्पण वेदीजवळ ठेवून पहिल्यांदा भावाशी समेट कर, असं प्रभूच सांगतो. तुझं नाताळचं सोलो गाणंही अर्पणच आहे. लांबलचक बोलू नकोस. 'आजी, त्या रात्री माझं चुकलं' एवढं म्हण, तिची वेणी घालून दे, पाठीला पावडर लाव.

हे लिहिताना एक मनात येतं. वहिनी, तुझी आई, गेल्यापासून तू रात्रपाळी मागून घेतेस, असं दादा सांगत होता. तिनेही शेवटी अशाच हाका मारल्या होत्या, आणि तू तेव्हा परीक्षेला गेलेली. त्या वॉर्डात कुणी म्हातारी हाक मारते तेव्हा तुला काय होत असेल, बाळा? हे मी आधी विचारायला हवं होतं. वरचं सगळं रागाने लिहिलं आहे, फाडत नाही, पण तेवढंच मनाला लावून घेऊ नकोस. चाळीस खाटांना एकटी सिस्टर असते, ते मला ठाऊक आहे.

करंज्या दादाबरोबर पाठवते, ओल्या नारळाच्या नाहीत, टिकतील. सुट्टी मिळाली की शनिवारीच नगरला ये, दिवस असो की रात्र, मी तारकपूर स्टँडवर घ्यायला येईन. गरम पाण्यात पाय बुडवून बस, वहिनीबद्दल बोलू, नाहीतर नुसती झोप काढ. मी उठवणार नाही.

तुझी,
आत्या