वकिली व्यवसायाचे नियमन आणि अशिलाचे हित

दुकानातून आणलेला गहू किडका निघाला तर गिऱ्हाईक तो परत नेऊ शकते. सदरा अंगाला बसला नाही तर शिंप्याकडून तो पुन्हा उसवून घेता येतो. वकिलाच्या सेवेची गोष्ट मात्र निराळी आहे. दिवाणी दाव्याच्या निकालाविरुद्ध जिल्हा न्यायालयात अपील करावयाचे झाल्यास कायद्याने ३० दिवसांची मुदत दिली आहे. उच्च न्यायालयात जावयाचे झाल्यास ९० दिवसांची. वकिलाच्या हलगर्जीपणामुळे ही मुदत टळली तर विलंब माफ करण्याची विनंती न्यायालयास करता येते, परंतु ती मान्य होईलच असे नाही. ती अमान्य झाली म्हणजे वडिलोपार्जित शेत, राहते घर किंवा निवृत्तिवेतनाचा हक्क कायमचा हातचा जातो आणि तो परत मिळवून देणारे दुसरे दुकान नसते.

या व्यवहाराचे आणखी एक वैशिष्ट्य असे की, मिळालेली सेवा चांगली की वाईट हे घेणाऱ्याला सहसा कळत नाही. दावा हरल्यावर तो मुळातच लंगडा होता की वकिलाने साक्षीदार नीट तपासले नाहीत, हे अशिलाने ठरवावे तरी कसे? वकिलांना जाहिरात करण्यास मनाई आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या व्यावसायिक आचरणविषयक नियमांतील हा नियम व्यवसायाची प्रतिष्ठा राखण्यासाठी आहे आणि त्यामुळे भूलथापांपासून लोकांचा बचावही होतो. पण त्याचीच दुसरी बाजू अशी की, तालुक्याच्या गावी प्रथमच येणाऱ्या माणसाला वकिलांच्या अनुभवाची वा फीची तुलना करण्याचे कोणतेही साधन उरत नाही. तो ओळखीच्या माणसाच्या सांगण्यावर किंवा कोर्टाच्या आवारातील एखाद्या दलालाच्या भरवशावर जातो. अशा दलालांची यादी प्रसिद्ध करून त्यांना आवारात प्रवेशबंदी करण्याचा अधिकार उच्च न्यायालये, जिल्हा न्यायाधीश व जिल्हाधिकारी यांना देणारी तरतूद २०२३ च्या दुरुस्तीने अधिवक्ता अधिनियमात समाविष्ट झाली आहे.

ग्राहक आयोगाचा दरवाजा

१९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा झाला, तेव्हा डॉक्टर आणि वकील यांच्या सेवा त्याच्या कक्षेत येतात काय, हा प्रश्न ओघानेच उपस्थित झाला. डॉक्टरांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये होकारार्थी उत्तर दिले. वकिलांविषयीचा प्रश्न मात्र प्रदीर्घ काळ लोंबकळत राहिला. ज्या प्रकरणात तो अखेर सुटला, त्याची हकीकत कोणत्याही तालुका न्यायालयात घडावी अशी साधी आहे. दिल्लीतील एका नागरिकाला मिळालेला २०,००० रुपयांचा धनादेश वटला नाही, म्हणून त्याने वकिलामार्फत फिर्याद दाखल केली. समोरच्या पक्षाने तडजोडीने ती रक्कम आणि खर्चापोटी ५,००० रुपये देण्याचे कबूल केले. पैसे वकिलाच्या हाती आले. परंतु ते अशिलाच्या स्वाधीन करण्याऐवजी वकिलाने आपल्या फीची मागणी पुढे केली, असे अशिलाचे गाऱ्हाणे होते. जिल्हा मंचाने त्याच्या बाजूने निकाल दिला, राज्य आयोगाने तो फिरविला आणि २००७ मध्ये राष्ट्रीय आयोगाने वकिलाची सेवा ही ग्राहक कायद्यातील ‘सेवा’च होय असा निर्णय दिला.

या निर्णयावर सर्वोच्च न्यायालयाचा अंतिम निवाडा १४ मे २०२४ रोजी आला. सेवेतील त्रुटीबद्दल वकिलाविरुद्ध ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येणार नाही, असे द्विसदस्य पीठाने ठरविले. २०१९ च्या नव्या ग्राहक कायद्यालाही हेच लागू आहे. वकिली हा व्यापार नव्हे, वकिलाचे कर्तव्य अशिलाइतकेच न्यायालयाप्रतही असते, अशी कारणे न्यायालयाने दिली. त्यांतील एक कारण सामान्य पक्षकाराने विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. वकील हा अशिलाच्या सूचनेबाहेर जाऊ शकत नाही. त्याच्या संमतीवाचून तो कबुली देऊ शकत नाही की तडजोड करू शकत नाही. म्हणजे वकिलाच्या कामावर प्रत्यक्ष नियंत्रण अशिलाचे असते. म्हणून हा ‘वैयक्तिक सेवेचा करार’ ठरतो, आणि असा करार ग्राहक कायद्यातून वगळलेला आहे.

कायद्याच्या दृष्टीने हे सुसंगत आहे. व्यवहारात मात्र कोऱ्या वकीलपत्रावर अंगठा उठवून एस. टी. पकडणाऱ्या शेतकऱ्याचे आपल्या वकिलावर कितपत नियंत्रण असते, हे सांगण्याची आवश्यकता नाही. सर्वोच्च न्यायालयानेच १९८१ च्या एका निवाड्यात याची दखल घेतली होती. वकील गैरहजर राहिल्याने खेडुताचे अपील फेटाळले गेले होते. वकील नेमून त्याची फी दिली म्हणजे पक्षकाराचे काम संपले, वकील हजर राहतो की नाही यावर पहारा ठेवणे हे त्याचे काम नव्हे, असे सांगून न्यायालयाने अपील पुन्हा दाखल करून घेतले आणि खर्चाचा बोजा गैरहजर वकिलावर टाकला. पण एकदा आयोगाचा दरवाजा बंद झाला म्हटल्यावर, कायद्याने गृहीत धरलेले हे नियंत्रण प्रत्यक्षात वापरणे यातच अशिलाचे खरे संरक्षण उरते. ते कसे वापरावे हे पाहण्यापूर्वी नियमनाची व्यवस्था समजून घेणे इष्ट ठरेल.

बार कौन्सिल आणि शिस्तभंग समिती

वकिलांचे नियमन १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमानुसार होते. प्रत्येक राज्यासाठी एक बार कौन्सिल आणि त्यांवर बार कौन्सिल ऑफ इंडिया अशी रचना आहे. महाराष्ट्र आणि गोवा यांचे कौन्सिल एकच आहे. वकिलाने गैरवर्तन केल्यास अधिनियमाच्या कलम ३५ खाली या कौन्सिलकडे तक्रार करता येते. तक्रार अर्जाच्या स्वरूपात, सही व सत्यापन करून द्यावी लागते आणि त्यासाठी शुल्क भरावे लागते. ती इंग्रजीतच असली पाहिजे हा समज चुकीचा आहे. राज्यभाषेत, म्हणजे महाराष्ट्रात मराठीत, ती देता येते. तक्रारीत सकृद्दर्शनी तथ्य दिसल्यास कौन्सिल ती शिस्तभंग समितीकडे सोपविते. समितीला साक्षीदार बोलाविण्याचे व कागदपत्रे मागविण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. वकिलाला समज देणे, काही काळ त्याची सनद निलंबित करणे किंवा नामावलीतून नाव कायमचे काढून टाकणे, यांपैकी कोणताही आदेश समिती देऊ शकते. तक्रारदाराने मागाहून माघार घेतली किंवा समेट केला, एवढ्याच कारणाने चौकशी बंद करता येत नाही, ही तरतूद मोलाची आहे. कारण दुबळ्या तक्रारदारावर दडपण येणे अशक्य नसते.

गैरवर्तन कशास म्हणावे याची व्याख्या अधिनियमात नाही. व्यावसायिक आचरणाचे नियम आणि न्यायालयांचे निवाडे यांतून ती सिद्ध झाली आहे. दाव्यात मिळणाऱ्या रकमेत वाटा ठरविणे वा निकालावर फी अवलंबून ठेवणे निषिद्ध आहे. अशिलाच्या पैशांचा हिशेब ठेवलाच पाहिजे. स्वीकारलेले काम पुरेशा कारणाशिवाय व वाजवी सूचना दिल्याशिवाय सोडता येत नाही आणि सोडल्यास न केलेल्या कामाची फी परत करावी लागते. फी थकली म्हणून कागदपत्रे अडवून ठेवणे हेही गैरवर्तनच होय. भोपाळच्या एका सहकारी बँकेच्या वकिलाने फीच्या वादातून फायली दाबून ठेवल्या होत्या. अशिलाच्या फायलींवर वकिलाचा असा कोणताही धारणाधिकार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये निःसंदिग्धपणे सांगितले. वकिलाला फी वसूल करावयाची असेल तर त्याला दाव्याचा मार्ग मोकळा आहे; अशिलाचा सातबारा किंवा खरेदीखत ओलीस ठेवण्याचा नाही.

मुंबईच्या एका प्रकरणाने तर बार कौन्सिलचे कर्तव्यच स्पष्ट केले. फौजदारी न्यायालयाच्या दाराशी उभे राहून येणाऱ्या पक्षकारांवर तुटून पडणे, त्यांच्या हातातील कागद हिसकावून घेणे, असे आरोप काही वकिलांवर होते. राज्य कौन्सिलच्या समितीने त्यांना दोषी धरले, अखिल भारतीय कौन्सिलने सोडले. तेव्हा राज्य कौन्सिल स्वतः अपिलात जाऊ शकते काय, असा मुद्दा निघाला. १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने, जाऊ शकते, असा निर्णय दिला. ज्या संस्थेवर व्यवसायाची शुचिता आणि लोकांचे हित जपण्याची जबाबदारी आहे, ती अशा निकालाने बाधित होतेच, असा त्याचा आशय होता.

मग उणीव कोठे आहे? एक म्हणजे, तक्रार ऐकणाऱ्या समितीचे तिन्ही सदस्य वकीलच असतात. दोन कौन्सिलचे निर्वाचित सदस्य आणि एक कौन्सिलबाहेरचा अनुभवी वकील. पक्षकारांच्या वतीने तेथे कोणी बसत नाही. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. समिती वकिलाला शिक्षा करते. अशिलाचे नुकसान भरून देण्याचा अधिकार कलम ३५ मध्ये नाही. सनद निलंबित झाली तरी गेलेले शेत परत येत नाही. सर्वसाधारणतः ही तक्रार आपल्याच वकिलाविरुद्ध चालते, हेही ध्यानात ठेवावयास हवे. प्रतिपक्षाचा वकील कठोरपणे उलटतपासणी करतो म्हणून त्याच्याविरुद्ध दिलेले अर्ज टिकत नाहीत.

विलंबाची चिंता अधिनियमाने केली आहे, ती पुष्कळांना ठाऊक नसते. राज्य समितीने तक्रार एका वर्षात निकालात काढली पाहिजे. तसे न झाल्यास कलम ३६-ब नुसार ती बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे वर्ग होते. राज्य समितीच्या आदेशावर ६० दिवसांत तेथे अपील करता येते आणि त्यापुढे तेवढ्याच मुदतीत सर्वोच्च न्यायालयात जाता येते.

इंग्लंडमधील बदल

वकिलांचे नियमन वकिलांनीच करावे ही पद्धत आपल्याकडे ज्या देशातून आली, त्या इंग्लंडने तिच्यात अलीकडे मोठा फरक केला आहे. तक्रारींच्या हाताळणीबद्दल असंतोष वाढल्याने सर डेव्हिड क्लेमेंटी यांनी केलेल्या पाहणीचा अहवाल २००४ मध्ये सादर झाला आणि त्याच्या आधारे २००७ चा कायदा आला. इंग्लंड व वेल्समध्ये नियामक संस्थांवर देखरेख करणाऱ्या मंडळात वकील नसलेल्या सदस्यांचे बहुमत असते. २०१० पासून तेथे वकिलांविरुद्धच्या सेवाविषयक तक्रारींसाठी स्वतंत्र लोकपाल आहे. प्रथम वकिलाकडेच तक्रार करावयाची, समाधान न झाल्यास लोकपालाकडे जावयाचे, असा क्रम आहे. लोकपाल ५०,००० पौंडांपर्यंत भरपाई देववू शकतो. शिक्षा आणि भरपाई ही दोन कामे तेथे निराळी केली, हे या रचनेचे मर्म होय. वकिलांचे स्वातंत्र्य त्यामुळे धोक्यात येईल अशी भीती तेथेही व्यक्त झाली होती. शासनाविरुद्ध निर्भयपणे उभा राहणारा वकील हवा असेल तर ही भीती हसण्यावारी नेता येत नाही. परंतु अशिलाच्या पावतीचा किंवा परत न केलेल्या कागदांचा वाद निकाली काढल्याने त्या निर्भयतेला धक्का पोहोचतो, असे मानणेही कठीण आहे.

अशिलाच्या हाती काय आहे

आपल्याकडे भरपाईसाठी दिवाणी न्यायालय आहे. केवळ वकील आहे म्हणून निष्काळजीपणाच्या दाव्यातून कोणाची सुटका होत नाही, असे १९२६ च्या कायद्याचे कलम ५ सांगते. अशिलाचे पैसे लाटल्यास फौजदारी इलाजही आहे. मात्र वकिलाविरुद्ध दावा लावण्यासाठी पुन्हा वकीलच शोधावा लागतो आणि काळ जातो, ही अडचण उघड आहे.

म्हणून आरंभीची दक्षता महत्त्वाची ठरते. वकीलपत्रावर सही करण्यापूर्वी ते वाचून किंवा वाचवून घ्यावे. २०१५ च्या एका निवाड्यानुसार अशिलाच्या स्पष्ट सूचनेशिवाय त्याचे हक्क सोडून देण्याचा अधिकार वकिलाला नाही. तडजोडीचा विषय निघाल्यास आपली इच्छा लेखी कळवावी. फी किती, ती कोणत्या टप्प्यांत द्यावयाची आणि कोर्ट फी, नकला, टंकलेखन यांचा खर्च तिच्यात धरला आहे की नाही, हे कागदावर आणावे. दिलेल्या प्रत्येक रकमेची पावती घ्यावी. मूळ दस्तऐवज सुपूर्द करताना त्यांची यादी करून पोच घ्यावी आणि स्वतःजवळ प्रती ठेवाव्यात. प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षरांकांचा सीएनआर क्रमांक असतो. तो मागून घेतल्यास ई-कोर्ट सेवेवर पुढील तारीख, मागील तारखेस काय झाले आणि कित्येकदा आदेशही विनाशुल्क पाहता येतो. घरातील शिकणारा मुलगा वा मुलगी हे काम फोनवर पाच मिनिटांत करू शकते. ‘तारीख पडली’ एवढ्या निरोपावर वर्षानुवर्षे विसंबणाऱ्या कुटुंबाला या एका क्रमांकाने जे नियंत्रण लाभते, ते आणखी कशाने क्वचितच लाभेल.

वकील बदलण्याचा हक्क तर अशिलाला केव्हाही आहे. पैशाअभावी तो वापरता येत नसेल, तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली मोफत वकील मिळू शकतो. स्त्रिया व बालके, अनुसूचित जाती व जमाती, दिव्यांग, औद्योगिक कामगार, कोठडीतील व्यक्ती आणि आपद्ग्रस्त यांना उत्पन्नाची अट नाही. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये आहे. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका विधी सेवा समितीकडे न्यायालयाच्याच आवारात करता येतो. १५१०० या दूरध्वनी क्रमांकावरही माहिती मिळते. या योजनेत नेमलेल्या वकिलाने अशिलाकडून कोणतीही फी मागता किंवा स्वीकारता कामा नये. त्याने तशी मागणी केल्यास किंवा कामात कुचराई केल्यास त्याच प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करून दुसरा वकील मागता येतो. त्यासाठी शुल्क नाही.