कपाटाचा ढिला पेच

करमाड हे गाव छत्रपती संभाजीनगरहून जालन्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. गावाला रेल्वे स्टेशन आहे. शेंद्र्याची औद्योगिक वसाहत जवळच आहे. त्यामुळे गावात शेतकरी आहेत तसे कारखान्यात जाणारेही आहेत. कोणाच्या घरी लाकडी मांडणी असते, तर कोणाच्या घरी ओट्याखाली नव्या तऱ्हेची कपाटे असतात.

ही कपाटे खोक्यात सुटी येतात. फळ्या, बिजागऱ्या, पेच आणि एक कागद, एवढे सामान खोक्यात असते. कागदावरची चित्रे पाहून कपाट जोडायचे. ही पद्धत स्वीडन देशातील एका कंपनीने लोकप्रिय केली आणि पुढे ती जगभर गेली. त्या कंपनीचे भारतातले पहिले दुकान २०१८ साली हैदराबादला निघाले. आता अशी कपाटे अनेक कंपन्या विकतात.

आमच्या वर्गात एक काकू येतात. एक दिवस त्या उशिरा आल्या. आम्ही विचारले, "काकू, आज उशीर का?"

काकू म्हणाल्या, "काय सांगू गुरुजी! कपाटाचं दार निखळून नातीच्या पायावर पडलं. देवाची कृपा, थोडक्यात निभावलं. मी पेच कितीबी आवळला, तरी नुसता गरगर फिरतोय. सुनबाई म्हणती, नवं कपाट घेऊ. पण याचेच हप्ते अजून फिटले नाहीत."

दुसऱ्या दिवशी आम्ही काकूंच्या घरी गेलो. तेथे जे पाहिले आणि केले, ते या धड्यात सांगतो.

पेच ढिला का होतो?

ही फळी सागाची किंवा बाभळीची नसते. लाकडाचा चुरा आणि चिकट रसायन एकत्र दाबून ती बनवतात. तिला पार्टिकल बोर्ड म्हणतात. खऱ्या लाकडात लांब धागे असतात. पेचाचे आटे त्या धाग्यांत घट्ट रुततात. चुऱ्याच्या फळीत असे लांब धागे नसतात. पेच जास्त आवळला की आट्यांभोवतीचा चुरा भुगा होतो. मग छिद्र मोठे होते आणि पेच जागच्या जागी फिरतो.

दुसरे कारण पाणी. मोरीचे पाणी गळले की फळी फुगते. फुगलेली फळी वाळली तरी पहिल्यासारखी होत नाही.

तिसरे कारण वजन. उघड्या दाराला मूल लोंबकळते. दाराचे वजन वरच्या बिजागरीला बाहेर ओढते आणि खालच्या बिजागरीला आत दाबते. म्हणून बहुधा वरचीच बिजागरी आधी सुटते.

आधी नीट पाहा

कपाट रिकामे करा. दार दुसऱ्या माणसाला धरायला सांगा. मग पेचकस हाताने हळू फिरवा. पेच घट्ट झाला, तर काम संपले. नुसताच फिरला, तर छिद्र झिजले आहे असे समजा.

बिजागरीवर आणखी काही पेच असतात. ते दार डावी-उजवीकडे किंवा आत-बाहेर सरकवण्यासाठी असतात. काकूंनी रागाने तेही आवळले होते. म्हणून दार वाकडे झाले होते. कोणता पेच कशासाठी, हे खोक्यातल्या कागदावर लिहिले होते. तो कागद काकूंनी डब्याखाली अंथरला होता!

दुरुस्ती

कुदळीचा दांडा सैल झाला, तर आपण काय करतो? कुदळ फेकून देत नाही. पाचर मारतो. इथेही तेच करायचे.

१. पेच काढा. छिद्रातला भुगा टोकरून व फुंकून काढा.

२. काड्यापेटीच्या काड्या घ्या. त्यांचे गुल तोडून टाका.

३. काड्या लाकडाच्या डिंकात, म्हणजे फेव्हिकॉलसारख्या डिंकात, बुडवून छिद्रात बसवा. छिद्र गच्च भरू द्या. पण ठोकून भरू नका. ठोकले तर फळी फुटेल.

४. पूर्ण एक दिवस थांबा. घाई केली की काम वाया जाते.

५. बाहेर आलेल्या काड्या पात्याने कापून सपाट करा.

६. मधोमध बारीक खिळ्याच्या टोकाने खूण करा. तोच जुना पेच हाताने बसवा. डोके टेकले की थांबा.

छिद्र फारच मोठे झाले असेल, तर काड्या पुरत नाहीत. मग सुताराकडून लाकडाची गोल खुंटी आणा. तिच्या मापाचे छिद्र गिरमिटाने पाडा आणि खुंटी डिंक लावून बसवा. फळी बहुधा १६ किंवा १८ मिलिमीटर जाड असते. छिद्र आरपार जाऊ देऊ नका.

हे करू नका

लांब पेच घालू नका. तो फळीच्या पलीकडे निघतो. पेचाऐवजी खिळा मारू नका. तो थोड्याच दिवसांत निसटतो. विजेच्या यंत्राने पेच आवळू नका. यंत्राला किती पुरे हे कळत नाही. हाताला कळते.

फळी फुगून भुसभुशीत झाली असेल, तर काडी धरणार नाही. आधी गळती थांबवा. मग ती एक फळी बदला, किंवा बिजागरी थोडी वर-खाली कोरड्या जागी बसवा.

भिंतीवर टांगलेले कपाट भिंतीपासून सुटू लागले, तर ते ताबडतोब रिकामे करा. त्याखाली कोणाला उभे राहू देऊ नका. तेथे काडीचा उपाय करू नका. जाणत्या सुताराला बोलवा.

काकूंचे दार दुसऱ्या दिवशी बसले. खर्च झाला तो डिंकाच्या छोट्या बाटलीचा आणि काड्यांचा. तो कागद आता काकूंनी पोथीच्या पिशवीत ठेवला आहे. त्यावरचे "जास्त आवळू नये" हे शब्द त्यांनी आम्हाला स्वतः वाचून दाखवले. वाचताना बोट ठेवले होते, पण अडखळल्या नाहीत.

नवे शब्द वाचा : बिजागरी, पेचकस, आटे, पाचर, खुंटी, गिरमिट.

उत्तरे लिहा :

१. वरची बिजागरी आधी का सुटते?

२. डिंक लावल्यावर किती वेळ थांबावे?

३. तुमच्या घरी कोणती वस्तू ढिली झाली आहे? ती कशी दुरुस्त कराल, ते चार ओळींत लिहा.