शिब्बोलेथ

शास्त्रपाठ : शास्ते १२:१–६

ह्या पाठांतील ४२,००० मृतांचा आंकडा सर्वांच्या ध्यानांत राहतो. आम्हांस मात्र चवथें वचन अधिक विचार करण्याजोगें वाटतें. एफ्राइमी लोक गिलादी लोकांस पळपुटे म्हणून हिणवीत असत. वस्तुतः एफ्राईम हा योसेफाचा पुत्र आणि गिलाद हा योसेफाचाच पणतू. आधीं टोमणा झाला, मग लढाई. आणि शेवटीं यार्देनेच्या उतारांवर ‘शिब्बोलेथ’ म्हणतां न येणाऱ्या भाऊबंदांस ओळखून ठार करण्यांत आलें.

ही फार जुन्या काळची गोष्ट, असें कोणी म्हणेल. म्हणून आफ्रिकेंतील रवांडा देशाची हकीकत सांगतों. तेथील हुतू व तुत्सी ह्यांची भाषा एक, टेकड्या त्याच, आणि आपसांत सोयरिकीही होत. बेल्जियमच्या राज्यकर्त्यांनीं १९३३–३४ च्या सुमारास शिरगणती करून प्रत्येकाच्या ओळखपत्रावर त्याची जमात लिहिली; मुलाची जमात बापावरून धरीत. ६ एप्रिल १९९४ रोजीं अध्यक्षांचें विमान पाडण्यांत आलें. त्यानंतर सुमारें १०० दिवसांत ८ लाखांच्या आसपास माणसें मारलीं गेलीं. त्यांत बहुतेक तुत्सी होते. कत्तलीला विरोध करणारे हुतूही होते. रस्त्यांवर नाके बसले, आणि ओळखपत्र हेंच तेथील शिब्बोलेथ झालें.

चांगली रीतही कशी वाट चुकते, तें पाहा. गांवानें मिळून रस्ता दुरुस्त करावयाचा, बांध घालावयाचा, अशी तेथें ‘उमुगांडा’ नांवाची पद्धति आहे. त्या दिवसांत पुढाऱ्यांनीं कत्तलीलाच ‘काम’ म्हटलें, आणि हाक आली म्हणजे निघावयाचें ही संवय लोकांच्या अंगवळणीं पडलेलीच होती. बाप हुतू आणि आई तुत्सी अशा घरांत पुष्कळदां मुलें वांचलीं व आई मारली गेली. त्या मुलांनीं पुढें कोणाला आपलें म्हणावें?

आणि हे लोक कोण? दहांतील सुमारें नऊ जण स्वतःस ख्रिस्ती म्हणविणारे! न्तारामा व न्यामाता येथील मंदिरांत आसऱ्यास आलेले हजारों लोक तेथेंच मारले गेले. मुगोनेरो येथील मिशनच्या आवारांत अडकलेल्या तुत्सी पाळकांनीं आपल्या वरिष्ठ पाळकास पत्र लिहून मदत मागितली. त्या वरिष्ठास २००३ सालीं आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणानें वंशसंहारास साह्य केल्याबद्दल दहा वर्षांची शिक्षा दिली. आम्हां पाळकांची झोप उडावी अशी ही गोष्ट आहे.

मागें विधवा आणि पोरकीं मुलें राहिलीं. कित्येक घरांत थोरली बहीणच धाकट्यांची आई झाली. जमीन पुरुषांकडेच जाण्याची रीत असल्यामुळें १९९९ सालीं कायदा करून मुलींनाही वारसा द्यावा लागला. गांवोगांवचीं ‘गचाचा’ न्यायालयें २०१२ पर्यंत चाललीं. जवळजवळ २० लाख खटले त्यांपुढें आले.

एक गोष्ट राहिली. मार्च १९९७ मध्यें न्यांगे येथील शाळेंत हल्लेखोर शिरले आणि हुतू व तुत्सी मुलांनीं वेगळें उभें राहावें असें त्यांनीं फर्माविलें. आम्ही सर्व रवांडाचींच आहों, असें म्हणून मुलांनीं नकार दिला. त्यांतील कांहीं तेथेंच मारलीं गेलीं. वरिष्ठ पाळकाला जें जमलें नाहीं, तें शाळेंतल्या पोरांनीं केलें.

आतां आपल्या मंडळ्यांकडे वळूं. बाप्तिस्मा होऊन तीन पिढ्या लोटल्या, तरी सोयरीक ठरवितांना ‘मूळचे कोण?’ हा प्रश्न अजून निघतोच. विचारणारा खुनी नव्हे, हें आम्ही जाणतों. पण प्रश्न त्या नाक्यावरचाच आहे.

उपदेशकांनीं चवथें वचन वर्गांत दोनदां वाचावें, आणि आपल्या गांवांत कोणत्या घराला मागून कोणतें नांव ठेवितात, तें प्रत्येकानें मनांत आठवावें असें सांगावें. उत्तर मोठ्यानें मागूं नये. तें घर बहुधा वर्गांतच बसलेलें असतें. त्या आठवड्यांत उपदेशकानें त्याच घरीं जेवावयास जावें.