उजेडाच्या आत थांबेल एवढाच वेग

चि. सुजय,

गाडी घेतलीस, पहिला हप्ता स्वतःच्या पगारातून भरलास, ताईने फोनवर सांगितलं. फार आनंद झाला. आता जयसिंगपूर ते शिरोली एमआयडीसी रोजचं जाणं-येणं, आणि दुसरी पाळी लागली की रात्री अकरानंतर परतणं आलंच. चेपलेल्या गाड्या गॅरेजवर माझ्या हाताखालून जातात, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

साखर कारखान्यांचे बॉयलर पेटले की आपल्याकडचा रात्रीचा रस्ता वेगळाच होतो. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, दोन्ही अंगांनी बाहेर आलेला ऊस, मागचा लाल रिफ्लेक्टर लोंबत्या पाचटाखाली झाकलेला नाहीतर चिखलाने माखलेला. टेललाइट असेलच याचा भरवसा नाही. टायर फुटला की चाकाला दगड लावून ट्रॉली रस्त्यातच उभी करतात. पुढे ट्रॉली निघून जाते, दगड तिथेच राहतात.

आता हिशेब बघ. ताशी साठच्या वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ सतरा मीटर जाते. समोरचं दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेलाच. त्यानंतर कोरड्या, चांगल्या डांबरावरही थांबायला आणखी वीस-पंचवीस मीटर लागतात. म्हणजे चाळीस मीटर झाले. लो बीममध्ये अशी काळपट ट्रॉली त्याच्या आतच कुठेतरी दिसते, आणि समोरून ट्रकचा उजेड डोळ्यांवर आला तर तेवढ्यातही दिसत नाही. तोच वेग चाळीसवर आणलास तर सगळं मिळून वीस-बावीस मीटरमध्ये गाडी उभी राहते. उजेड पडतो त्याच्या आत थांबता आलं पाहिजे, रात्रीचा वेग यावरून ठरव. मागचा हॉर्न वाजवत असेल तर वाजवू दे, डावीकडे हो, जाऊ दे त्याला. समोरच्या दिव्याकडे बघायचं नाही. रस्त्याच्या डाव्या कडेवर नजर ठेवून वेग कमी करायचा.

तुझी गाडी १२५ची, एबीएस नसलेली. कॉम्बी ब्रेक आहे, म्हणजे मागचा दाबला की पुढचाही थोडा लागतो. त्यावर विसंबू नकोस. ब्रेक लागताना वजन पुढे येतं, त्यामुळे खरं काम पुढचा ब्रेक करतो. आपली पोरं मात्र घाबरून त्याला हातच लावत नाहीत. मोकळ्या मैदानात सवय कर: हँडल सरळ, दोन्ही ब्रेक एकदम, पुढचा लिव्हर हिसका न देता दाबत न्यायचा. वाळूवर आणि पहिल्या पावसात आणखी हलक्या हाताने, कारण धूळ आणि ऑइल भिजून रस्ता नुसता निसरडा होतो.

हेल्मेट आयएसआय मार्कचं घे आणि हनुवटीखालचा पट्टा लाव. पट्टा न लावलेलं हेल्मेट पडताना आधी उडतं, डोकं मागून आपटतं. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी बाद समज. आतला थर्माकोल दबला की परत फुगत नाही. ताईला मागे बसवणार असशील तर तिच्यासाठीही आजच घे.

विम्याचे कागद नीट वाच. नव्या दुचाकीला थर्ड पार्टी विमा पाच वर्षांचा असतो, पण तुझ्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा बहुतेक एकाच वर्षाचा. तो संपल्याचं लोकांना धडक झाल्यावर कळतं.

हंगामात दुसरी पाळी असेल त्या आठवड्यात शिरोलीतच मित्राच्या खोलीवर झोप, उजाडल्यावर घरी ये. मी ताईशी बोललोय, तिची हरकत नाही. खोलीच्या भाड्यात काही द्यावं लागलं तर मला कळव.

तुझा,
अशोकमामा